काही त्रास?

आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे घरात कुणाचंही आजारपण निघालं, की दवाखान्याची फाईल आपोआप माझ्या काखेत येते. २००४ साली माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हाही तसंच झालं. शस्त्रक्रिया झाली आणि मग दर एकवीस दिवसांनी केमो सुरू झाली. गावापासून दवाखाना एसटीनं अडीच तासांवर. पहाटे निघायचं, दिवसभर सलाईन, रात्री परत घरी. सलाईनमधून सोडायचं ते औषध लालभडक असायचं. आपा त्याला ‘रूह अफ़ज़ा’ म्हणायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बायकांना हसवायची.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी घरी सुरू व्हायचा. मी एक दोनशे पानी वही केली होती. कधी उलटी झाली, किती घास पोटात गेले, झोप लागली का, हातापायांना मुंग्या आल्या का, सगळं लिहायचो. एकविसाव्या दिवशी वही काखेत घेऊन डॉक्टरांसमोर बसायचो. बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली असायची. डॉक्टर चांगले होते, पण घाईत असायचे. ते विचारायचे, “काही त्रास?” आणि आपा म्हणायची, “अल्लाह का शुक्र है, डॉक्टरसाहेब. बरं आहे.”

मी वही उघडेपर्यंत डॉक्टरांचं पेन कागदावर फिरलेलं असायचं. फाईलमध्ये इंग्रजीत दोन शब्द उमटायचे : ‘टॉलरेटेड वेल’. म्हणजे औषध चांगलं सोसलं.

यात डॉक्टर खोटे नव्हते आणि आपाही खोटी नव्हती. कशी आहेस असं कुणी विचारलं, की आधी शुक्र म्हणायचा ही आमच्या घरची रीत. समोरच्या खाटेवरच्या आजी ‘पांडुरंगाची कृपा’ म्हणायच्या. त्यांच्याही फाईलमध्ये तेच दोन शब्द असणार.

तिसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी आपाच्या अंगात ताप भरला. शुक्रवारची रात्र होती. तिनं कुणाला उठवलं नाही. शनिवारी दुपारी मला कळलं. फाईलवरच्या नंबरावर मी फोन लावला. तो वाजत राहिला. रविवारीही वाजत राहिला. सोमवारी आम्ही जीप करून तिला नेलं तेव्हा तिला धड उभं राहता येत नव्हतं. “एवढे दिवस थांबलात कसे?” असं आम्हालाच विचारलं गेलं. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात. त्या काळात ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला, तर तो साधा ताप नसतो. शक्यतो तासाभरात शिरेतून प्रतिजैविक जावं लागतं. हे मला त्या सोमवारी कळलं. आपा त्यातून उठली आणि पुढे नऊ वर्षं जगली, म्हणून आज मी हे शांतपणे बोलू शकतो.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझी भाची. २०२३ मध्ये पुण्यात तिची केमो झाली आणि दवाखान्यानं तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज सकाळी नऊ वाजता ते तिला विचारायचं : मळमळ आहे का? ताप किती? जेवण गेलं का? माझी दोनशे पानी वही तिच्या तळहातावर आली होती. फरक एवढाच, की ही वही लिहिल्याबरोबर दुसरीकडे कुणीतरी वाचणार होतं. निदान तसं सांगितलेलं होतं. मग ही वही आली कुठून, हे मी शोधू लागलो. औषधांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ‘काही त्रास?’ या प्रश्नालाही इतिहास आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

केमोचा जन्म युद्धातल्या विषातून झाला. मस्टर्ड वायूच्या जातीतलं एक रसायन १९४२ मध्ये अमेरिकेत येल इथं पहिल्यांदा कर्करोगाच्या रुग्णाला दिलं गेलं. पुढची काही वर्षं डॉक्टरांपुढे प्रश्न होता तो मोजमापाचा. गाठ किती आटली हे कळत होतं, पण माणूस कसा आहे हे कसं मोजायचं? न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल या डॉक्टरांनी १९४९ मध्ये एक मोजपट्टी छापली. शंभर म्हणजे माणूस ठणठणीत. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. शून्य म्हणजे संपला. ही पट्टी आजही वापरात आहे, आणि तिच्या काळात ती मोठीच गोष्ट होती. गाठीपलीकडच्या माणसाकडे तिनं पाहायला लावलं. पण आकडा लिहायचे डॉक्टर. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं औषधांच्या दुष्परिणामांची प्रतवारी ठरवली, तिथंही मळमळ पहिल्या प्रतीची की तिसऱ्या, हे रुग्णाला विचारून डॉक्टरच ठरवणार. ओकारी ज्याची, त्याच्या हाती पेन नव्हतं.

तेव्हा एका परीनं ते चालून जात होतं, कारण रुग्ण डोळ्यांसमोर होता. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सिस्प्लॅटिन हे औषध इतक्या उलट्या करवायचं, की त्यासाठी माणसाला दवाखान्यात ठेवूनच घ्यावं लागे. रात्री सिस्टर फेरी मारायची. काय चाललंय ते तिला न सांगता दिसायचं.

मग १९९१च्या जानेवारीत ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळणारी ही उलटीवरची गोळी. या एका गोळीनं केमोचा नकाशा बदलायला मोठा हातभार लावला. उलट्या आटोक्यात आल्या, रुग्ण सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाऊ लागले, खाटा मोकळ्या झाल्या. ‘डे-केअर’ हा शब्द आला. रुग्णाला आपल्या अंथरुणात झोपायला मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच्याबरोबर त्याचा त्रासही घरी गेला. आता रात्रीची फेरी मारणारं कुणी नव्हतं. आपाचा तो शुक्रवार अशा रीतीनं तयार झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे खरं वळण. ॲप नंतर आलं, पण त्याची गरज तेव्हा जन्मली.

त्याच १९९१ मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरात एडुआर्डो ब्रुएरा या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कागद केला. तो होता शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. कागदावर शंभर मिलिमीटर लांबीच्या आडव्या रेघा. एक रेघ वेदनेची, एक मळमळीची, एक खिन्नतेची, एक भुकेची, एक झोपाळूपणाची. रेघेच्या एका टोकाला काहीच त्रास नाही, दुसऱ्या टोकाला सोसवणार नाही इतका. रुग्णानं आपल्या हातानं त्या रेघेवर खूण करायची, दिवसातून दोनदा. जमलं नाही तर सिस्टरनं किंवा घरच्यांनी मदत करायची. मला या कागदाचं फार अप्रूप वाटतं. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला कबूल करायला जड जातं, पण जिथं शब्द संपतात तिथं रेघ चालते. आपाला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. रेघेवर टिंब तिनं नक्की दिलं असतं.

कागदाची अडचण एकच. तो घरी भरला तर घरीच राहतो. माझ्या वहीसारखा.

कागद दवाखान्यापर्यंत पोचवायचं काम ब्रिटनमध्ये मोबाइलला दिलं गेलं. नोरा कीअर्नी या परिचर्येच्या प्राध्यापिका. म्हणजे मुळात सिस्टर, हे लक्षात ठेवा. त्यांच्या गटानं केमोच्या रुग्णांच्या हाती मोबाइल दिले. सकाळी, संध्याकाळी आणि बरं वाटत नसेल तेव्हा त्यातली प्रश्नावली भरायची. उत्तर काळजीचं असलं, की दवाखान्यातल्या सिस्टरला इशारा जायचा. पिवळट इशारा म्हणजे लवकर बघा, लाल इशारा म्हणजे ताबडतोब फोन करा. ११२ रुग्णांवरच्या या प्रयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला. ज्यांच्या हाती मोबाइल नव्हता, त्यांच्यात थकव्याची तक्रार जास्त होती. आजच्यासारखे फोन तेव्हा घरोघरी नव्हते. पण पुढच्या सगळ्या ॲपांचा सांगाडा इथं उभा राहिला : प्रश्न रोजचा, उत्तर रुग्णाचं आणि पलीकडे एक जागी सिस्टर.

अमेरिकेत एथन बॅश हे डॉक्टर दुसऱ्या बाजूनं याच ठिकाणी येत होते. २०१० च्या मार्चमध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा लेख लिहिला. औषधांच्या सुरक्षिततेच्या नोंदींत रुग्णाचा स्वतःचा आवाजच नाही, ही त्यांची तक्रार. डॉक्टर आणि रुग्ण एकाच दुखण्याची नोंद करतात, तेव्हा डॉक्टरांची नोंद मागाहून येते आणि ती सौम्यही असते, असं त्यांना दिसलं होतं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ‘टॉलरेटेड वेल’ आलं. म्हणजे तो फक्त आमच्या दवाखान्यातला प्रकार नव्हता. न्यूयॉर्कलाही तसंच चाललं होतं.

बॅश नुसती तक्रार करून थांबले नाहीत. सप्टेंबर २००७ ते जानेवारी २०११ या काळात त्यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या रुग्णालयात ७६६ रुग्ण एका चाचणीत घेतले. सगळ्यांचा रोग पसरलेला, सगळे बाह्यरुग्ण म्हणून केमो घेणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटानं बारा त्रासांची यादी संगणकावर स्वतः भरायची, आणि त्रास वाढला तर सिस्टरला ई-मेल जायचा. औषधं दोन्हीकडे नेहमीचीच. फरक फक्त विचारण्याचा.

निकाल असा, की विचारलेल्या गटातले ३४ टक्के रुग्ण वर्षभरात तातडीच्या विभागात आले, न विचारलेल्यांतले ४१ टक्के. विचारलेल्यांना केमो सरासरी ८.२ महिने झेपली, इतरांना ६.३ महिने. संगणकाची सवय नसलेले २२७ जण होते. त्यांना तर फायदा जास्तच झाला. ‘आमच्या म्हाताऱ्यांना हे जमायचं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणि मग २०१७ च्या जूनमध्ये शिकागोच्या परिषदेत बॅश यांनी पुढचे आकडे मांडले. विचारलेल्या गटाचं आयुष्य मध्यमानानं ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६. पाच महिन्यांचा फरक. पसरलेल्या कर्करोगात एवढं आयुष्य देणारं नवं औषध आलं असतं, तर वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं असतं आणि त्याची किंमत लाखांत असती. आलेल्या इशाऱ्यांपैकी ७७ टक्के वेळा सिस्टरनं काहीतरी ठोस केलं होतं. गोळी बदलली, फोनवर समजावलं, बोलावून घेतलं. मला वाटतं, सगळ्या आकड्यांत हाच आकडा मोठा. यंत्र विचारतं खरं, पण उत्तर ऐकून उठते ती सिस्टर.

फ्रान्समधल्या ल मान्स गावचे फॅब्रिस डेनी यांनीही फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर असाच प्रयोग केला. मोटारींच्या शर्यतीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. उपचारांनंतर दर आठवड्याला रुग्णानं घरून यादी भरायची. १२१ रुग्णांचे निकाल २०१७ मध्ये छापून आले : यादी भरणाऱ्यांना १९ महिने, बाकीच्यांना १२. नोरा कीअर्नी यांचा मोबाइल तोवर ऑस्ट्रिया, ग्रीस, नॉर्वे, आयर्लंड आणि ब्रिटन अशा पाच देशांत गेला होता. बारा रुग्णालयं, ८२९ रुग्ण, केमोच्या सहा फेऱ्यांपर्यंत रोज नोंद. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो निकाल आला, आणि रुग्णांचा त्रास खरोखर कमी झाल्याचं दिसलं.

इतका गोड इतिहास ऐकला की माझ्यातला बागवान जागा होतो. आमचा पिढीजात धंदा फळांचा. वरचा थर चकचकीत दिसला की खालची फळं चाचपायची सवय हातालाच आहे. बॅश यांनीच पुढे अमेरिकेतल्या ५२ लहानमोठ्या दवाखान्यांत, ११९१ रुग्णांवर ही पद्धत तपासली. २०२२ मध्ये कळलं, की रुग्णांचं चालणं-फिरणं, त्रास आणि एकूण जगणं सुधारलं. २०२५ मध्ये शेवटचे आकडे आले तेव्हा तातडीच्या विभागात जायची वेळ लांबलेली दिसली, पण आयुष्य वाढल्याचं या वेळी दिसलं नाही. दोन्ही गट सारखेच जगले. बॅश यांनी तेही छापलं. मला हा निकाल निराश करत नाही. उरलेले दिवस ओकारीशिवाय, तडफडीशिवाय जात असतील, तर ते मोजायला महिन्यांचा हिशेब कशाला हवा? पण ‘ॲप घ्या, आयुष्य वाढवा’ अशी कुणी जाहिरात केली, तर तिच्याकडे संशयानं बघावं, एवढं यातून नक्की निघतं.

आपल्याकडे काय? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं दार १९४१ मध्ये उघडलं. तेव्हापासून देशभरातून माणसं तिथं येतात, आणि उपचार संपला की शेकडो मैल दूर परत जातात. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत जागा मिळाली, तर एक रुग्ण दुसऱ्याचा त्रास बघतो, सांगतो. गावी गेल्यावर तेही नाही. अंतर इतकं, की हातातला फोन सगळ्यात जास्त उपयोगाचा आपल्यालाच. २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट इतकं स्वस्त झालं, की आमच्या गल्लीतला हातगाडीवालाही व्हिडिओ बघत बसतो. यंत्राची अडचण आता फारशी नाही. अडचण दोन गोष्टींची आहे : पलीकडची सिस्टर आणि अलीकडचा शब्द.

शब्दांपासून सांगतो. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी युरोपात तयार झालेल्या जीवनमानाच्या प्रश्नावल्या हिंदी-मराठीत आणून, आपल्या रुग्णांवर तपासून २००५ मध्ये त्याचे निबंध छापले. हे काम फार मोलाचं. कारण नुसतं भाषांतर करून भागत नाही. रुग्णाला प्रश्न तोच कळतो का, हे विचारून बघावं लागतं. भाचीच्या ॲपमध्ये मात्र कुणीतरी कोश उघडून मराठी केली होती. ‘आपणांस अतिसाराची तीव्रता कितपत जाणवते?’ भाचीनं फोन करून विचारलं, “मामा, अतिसार म्हणजे काय हो?” मी म्हणालो, “जुलाब.” ती म्हणाली, “मग मी दोन दिवस ‘नाही’ दाबत होते की!”

आता सिस्टर. दुसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी भाचीला ताप आला. तिनं ॲपमध्ये १०१ भरलं. फोननं लगेच सांगितलं, थांबू नका, या नंबरावर बोला. ती नंबर शोधतेय तोवर सिस्टरचाच फोन आला. दुपारपर्यंत तिला सलाईन लागलं होतं. मी एसटी स्टँडवर उभा राहून हे ऐकलं आणि तिथंच खाली बसलो. एकोणीस वर्षांपूर्वीचे तीन दिवस अर्ध्या तासात आले होते. पुढे दिवाळी आली. भाचीच्या तोंडात फोड उठले, पाणी गिळवेना. रोज ती ॲपमध्ये भरत होती, आणि रोज हिरवी खूण येत होती : ‘आपली नोंद झाली आहे. धन्यवाद.’ त्या हिरव्या खुणेवर विसंबून ती तीन दिवस थांबली. नोंदी बघणारी सिस्टर रजेवर होती, तिच्या जागी कुणी नव्हतं. २००४ चा फोन निदान वाजत राहिला होता. कुणी उचलत नाही हे आम्हाला कळत तरी होतं.

म्हणून रुग्णाच्या फोनमध्ये कुणी ॲप घालून देत असेल, तर एक प्रश्न उलट विचारून घ्यावा : हे वाचणार कोण, आणि रविवारी कोण? आपली दुखणी कुणाच्या संगणकात साठतात, हेही विचारावं. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनं केला आहे, आणि आजाराइतकं व्यक्तिगत दुसरं काय असतं?

दिवाळीनंतर मी माळ्यावरून जुनी वही काढली. आपाच्या तोंडचे शब्द तिच्यात जसेच्या तसे होते. मी विचारायचो तेव्हा ती ‘बरं आहे’ म्हणायची. पोरीजवळ दखनीत खरं बोलायची, आणि पोरगी मला सांगायची. हीच ती पोरगी, माझी भाची. वहीतून मी एक यादी काढली. घशाशी आंबट येतंय. तोंडाला चव नाही. अंगातलं पाणी गेल्यासारखं गळून गेलंय. तळव्यांना लाल मुंग्या लागल्यासारखं होतंय. जेवण बघितलं की उमळून येतंय. बोलायचा कंटाळा आलाय. भाचीनं ती यादी सिस्टरला पाठवली. सिस्टर सांगलीकडच्या निघाल्या. आठवड्यानं त्यांचाच मला फोन आला. यादीतले बरेच शब्द त्यांनी प्रश्नांसमोर लिहून घेतले होते आणि ॲप करणाऱ्यांकडे पाठवले होते. एकाच ठिकाणी त्या अडल्या होत्या. आपाचं ते नेहमीचं, ‘कैसातोबी होरा.’

“सर, हे कुठं टाकायचं?” त्यांनी विचारलं. “म्हणजे आपलं ‘कसंतरी होतंय’. मळमळीत घालू, अशक्तपणात घालू, की घाबरण्यात?”

मी म्हणालो, “सिस्टर, कुणी ते म्हणालं, तर तुम्ही सरळ फोनच करा.”